फेब्रुवारीच्या दुपारचे २५३ व्होल्ट : नागपुरातल्या एका डीपीचं प्रकरण

२०२५चा फेब्रुवारी, रविवार, दुपारचा पाऊण वाजलेला. आमच्या लेआउटच्या टोकाला, नाल्याकडून दुसऱ्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांचा फोन आला. "भाऊ, आभाळात ढगाचा ठिपका नाही, अन् माझं सोलर पुन्हा बंद पडलं. काहून होऊन राहिलं हे?"

मी गेलो तेव्हा इन्व्हर्टरवर (पॅनेलची वीज घरच्या लाइनजोगी करणाऱ्या यंत्रावर) लाल दिवा होता आणि पडद्यावर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’, म्हणजे लाइनचं व्होल्टेज मर्यादेपेक्षा जास्त, अशी अक्षरं. मिनिटभर थांबलो. दिवा हिरवा झाला, पॅनेलची वीज लाइनवर जाऊ लागली, आणि चहा गाळून होण्याच्या आत पुन्हा लाल. त्यांनी मोबाइलवर दिवसाचा आलेख दाखवला. सकाळी दहापर्यंत छान चढत गेलेली रेघ साडेअकरानंतर कंगव्याच्या दातांसारखी वर-खाली. तीन किलोवॅटच्या ज्या प्लांटने अशा लख्ख दिवशी तेरा-चौदा युनिट द्यायला हवेत, तो नऊवर अडकत होता.

माझी सगळी नोकरी उपकेंद्रांमध्ये रिले, म्हणजे बिघाड ओळखून लाइन तोडायला लावणारी उपकरणं, तपासण्यात गेली. दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढला की संरक्षण यंत्रणा काय करते हे मला पाठ आहे. पण हा दाब वाढवत कोण होतं? आमच्या भागाची तक्रार वर्षानुवर्षं उलटी होती. उन्हाळ्यात पंखा फिरत नाही, कूलरची मोटर गुरगुरते, शेवटच्या घराला व्होल्टेज पोचत नाही. लाइनमन दादांना बोलावलं तेव्हा तेही तेच म्हणाले. "साहेब, उन्हाळ्यात लोकं व्होल्टेज कमी म्हून बोंबलतात, अन् आता जास्त म्हून. आम्ही करावं तरी काय?"

त्या प्रश्नाचं नीट उत्तर शोधायला आम्हाला वर्ष लागलं. ते इथे सविस्तर मांडतो आहे, कारण प्रधानमंत्री सूर्यघर योजना आल्यापासून छतावरच्या सौरात नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर आहे, आणि जे आमच्या लाइनवर घडलं ते शहरातल्या कितीतरी लाइनींवर आज ना उद्या घडणार आहे.

डीपी, लाइन आणि घरं

आमची डीपी, म्हणजे ११ केव्हीची वीज घरच्या दाबावर आणणारं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), २०० केव्हीए क्षमतेची. तिच्यातून तीन लघुदाब लाइनी निघतात. त्यांतली सर्वांत लांब नाल्याकडे जाते, सुमारे ४०० मीटर. ‘रॅबिट’ जातीची ॲल्युमिनियमची तार, खांबांवर उघडी. त्या लाइनीवर ४१ घरं आणि त्या वेळी त्यांतल्या १४ घरांवर सौर. जवळजवळ सगळे प्लांट ३ किलोवॅटचे आणि सिंगल फेज, कारण केंद्राचं अनुदान ३ किलोवॅटला ७८ हजार रुपयांवर थांबतं. त्यापुढे पॅनेल वाढवले तरी अनुदान वाढत नाही. योजनेच्या रचनेमुळे एका आकाराचे, एकाच पद्धतीचे प्लांट रांगेने उभे राहिले.

कागदोपत्री सगळं नियमात होतं. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९च्या विनियमांप्रमाणे एका रोहित्रावर जोडलेल्या छतावरच्या सौर प्लांटची एकूण क्षमता रोहित्राच्या ७० टक्क्यांपर्यंत चालते. आमच्या तिन्ही लाइनी मिळून शंभर किलोवॅटच्या आतबाहेर, म्हणजे निम्मी. शिवाय २०२४मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली आणि १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यता अभ्यासाशिवाय मान्यता मिळू लागली. माणसांचे हेलपाटे वाचले, हे फार चांगलं झालं. मात्र डीपीवरचा टक्का लाइन किती लांब आहे ते सांगत नाही आणि कोणत्या फेजवर किती प्लांट लटकले आहेत तेही सांगत नाही. आमचं दुखणं नेमकं या दोन गोष्टींत होतं.

आधी झालेल्या चुका

पहिल्यांदा सगळ्यांनी इन्व्हर्टरलाच दोषी धरलं. शिक्षिका ताईंचा इन्व्हर्टर बदलून दिला गेला. नवाही तसाच वागला. मग कुणीतरी म्हणालं, पॅनेल धुवा. धुतले. स्वच्छ पॅनेलची वीज थोडी वाढली आणि इन्व्हर्टर आधीपेक्षा लवकर बंद पडू लागला. खरं तर इथेच आम्हाला कळायला हवं होतं.

यानंतर जे झालं ते मला सगळ्यांत जास्त खुपतं. प्लांट बसवणाऱ्यांकडचा एक मुलगा आला, त्याने पासवर्ड टाकला आणि ताईंच्या आणि शेजारच्या घरच्या इन्व्हर्टरची वरची मर्यादा २५३ वरून २७० व्होल्टवर नेली. लाल दिवा गेला. आलेख गुळगुळीत झाला. दोन्ही घरांत समाधान.

त्या दोन घरांच्या पलीकडे, अगदी शेवटच्या खांबावर, एक शिवणकाम करणाऱ्या ताई भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. त्यांच्याकडे सौर नाही. घर स्वतःचं नाही तर पॅनेल कुठून लावणार? महिन्याभरात त्यांच्या तीन एलईडी ट्यूब गेल्या आणि मग फ्रिजचं कार्ड. मी त्यांच्या बोर्डाला मीटर लावला तेव्हा दुपारी सव्वाला २५९ व्होल्ट होते. घरपोच विजेसाठी मान्य मर्यादा २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे २१६ ते २४४च्या दरम्यान. त्यांच्या घरी त्यावर पंधरा व्होल्ट जादा येत होते, आणि हे सहन करणाऱ्या बाईच्या बिलात एक रुपयाही कमी होत नव्हता.

२५३चा आकडा कुणी सहज ठरवलेला नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३च्या विनियमांनुसार जोडणीच्या ठिकाणचा दाब ८० ते ११० टक्क्यांच्या बाहेर गेला तर वितरित निर्मितीने, म्हणजे अशा विखुरलेल्या छोट्या प्लांटने, २ सेकंदांत लाइनपासून अलग व्हायचं असतं. २३०चे ११० टक्के म्हणजे २५३. ही मर्यादा शेजाऱ्याच्या फ्रिजसाठी आहे. खांबावर चढलेल्या लाइनमनसाठीही आहे, कारण लाइन मागून बंद झाल्यावर छतांवरच्या प्लांटने तिला जिवंत ठेवू नये यासाठी ज्या खुणा इन्व्हर्टर ओळखतो, त्यांत दाबाचं मर्यादेबाहेर जाणं ही एक महत्त्वाची खूण असते. मर्यादा सैल केली की तो पहारा सैल होतो.

शिक्षिका ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आजच्या आज खाली आणा ते. माझे चार युनिट गेले तर गेले." त्या संध्याकाळी मर्यादा परत २५३वर आली. लाल दिवाही परत आला. आता मूळ रोगाकडे बघणं भाग होतं.

मोजणी

आठ दिवस सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच आम्ही मोजलं. लाइनमन दादा खांबावर, मी खाली वही घेऊन. तारेतला प्रवाह मोजणारा टाँग टेस्टर, साधा मीटर, आणि पाच ठिकाणं : डीपी, तीन मधले खांब, शेवटचा खांब.

डीपीच्या पाटीवर कोरलेलं असतं ११०००/४३३ व्होल्ट. ४३३ला १.७३२ने भागलं की एका फेजला २५० येतात. आपल्या घरांना २३० द्यायचे, तर डीपी मुळातच २५०ची का बनवतात? कारण लाइनभर भार असतो आणि भार असला की वाटेत दाब गळतो. डीपीजवळच्या घराला थोडे जास्त, मधल्याला नेमके, शेवटच्याला थोडे कमी. उतारावरून पाणी सोडायचं असेल तर टाकी उंच ठेवावी लागते, तसं. वीज डीपीकडून घराकडेच वाहणार, हे गृहीत धरून ती उंची ठरली आहे.

दुपारी सौर घरांकडून वीज डीपीकडे वाहू लागली की उतार उलटतो. मग सर्वांत उंच टोक कोणतं? शेवटच्या घराचं. डीपीवर त्या दुपारी २४४ होते, कारण ११ केव्हीची बाजू किंचित खाली होती. लाल फेजवर शेवटच्या खांबाला सगळे इन्व्हर्टर चालू असताना २५९. म्हणजे ४०० मीटरांत पंधरा व्होल्टची चढण. आणि इन्व्हर्टर बंद पडायचे ते नेमके टोकाचे. डीपीजवळचे प्लांट दिवसभर सुखाने चालत होते, आणि त्यांनी वाढवलेल्या दाबाची किंमत टोकाची घरं मोजत होती. दोन्हीकडे सारखेच पॅनेल, सारखंच ऊन, सारखाच खर्च. पण उत्पन्न खांबाच्या नंबरावर ठरत होतं.

पिवळ्या फेजवर चढण बरीच कमी होती. निळीवर जवळजवळ नव्हतीच. तेव्हा मी फेजवार घरं मोजली. १४ पैकी ८ प्लांट लाल फेजवर, ४ पिवळीवर, २ निळीवर.

हे असं का, ते दादांना पाठ होतं. दहा-बारा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात व्होल्टेज पडायचं तेव्हा लोक म्हणायचे, "आमची वायर चांगल्या फेजवर टाकून द्या." त्या काळी लाल फेज हलकी होती म्हणून चांगली. ज्यांची ओळख होती, जे पाठपुरावा करू शकत होते, त्यांच्या सर्व्हिस वायरी एकेक करून लालवर गेल्या. पुढे सौर आधी कुणी बसवलं? त्याच घरांनी. जुन्या दुरुस्तीने भार एका बाजूला झुकवला होता आणि आता निर्मितीही त्याच बाजूला झुकली.

त्याचा हिशेब असा. फेब्रुवारीच्या दुपारी एक प्लांट साधारण ११ अँपिअर देतो. लालवरचे आठ मिळून ८८. त्यांतले घरांमध्येच खर्च होणारे आठ वजा केले की ८० अँपिअर उलटे डीपीकडे. पिवळीवर ३४, निळीवर जेमतेम ७. तिन्ही फेज सारख्या असत्या तर न्यूट्रलमध्ये परतीचा प्रवाह उरला नसता. इथे न्यूट्रल साठ अँपिअरच्या वर वाहत होतं. म्हणजे दाब फेजच्या तारेत चढत होता आणि न्यूट्रलच्या तारेतही चढत होता. पंधरा व्होल्टच्या चढणीतले साडेसहाच्या आसपास व्होल्ट निव्वळ न्यूट्रलचे, तर फेजमधले जवळपास नऊ. तेवढीच वीज तिन्ही फेजवर सारखी वाटली असती तर एकूण चढण साडेचार व्होल्टच्या आसपास राहिली असती. पंधरा आणि साडेचार यांतलं सगळं अंतर कुणाची वायर कुठे जोडली आहे यावर अवलंबून होतं.

मे नाही, फेब्रुवारी

सौराचा त्रास मेमध्ये होईल असं नागपुरात कुणालाही वाटेल. ऊन तेव्हाचं. पण पॅनेलला ऊन आवडतं, उष्णता नाही. २५ अंशांच्या वर पॅनेलचं तापमान गेलं की दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज घटते. मेमध्ये काचेखालची पट्टी सत्तरच्या घरात जाते, म्हणजे सोळा ते अठरा टक्के तिथेच गेले. आणि त्याच वेळी घरोघरी कूलर चालू असतात, एसी चालू असतात. जी वीज तयार होते ती जागच्या जागी पिऊन टाकली जाते.

फेब्रुवारीत हवा थंड, आकाश निवळलेलं, ऊन खणखणीत. पॅनेल जोरात. आणि घरात काय चालू असतं? फ्रिज आणि एखादा टीव्ही. होळी झाल्याशिवाय आपल्याकडे कूलर माळ्यावरून खाली येत नाहीत, ताट्या बदलल्या जात नाहीत. त्यातून रविवार असला तर आजूबाजूची दुकानं, वर्कशॉपही बंद. लाइनीची खरी परीक्षा अशा निवांत दुपारी होते. सौर प्लांट मंजूर करताना उन्हाळ्यातला कमाल भार बघण्याची आपली सवय आहे. मला वाटतं, त्याच्याइतकंच महत्त्व फेब्रुवारीतल्या रविवारच्या किमान भाराला द्यायला हवं.

टॅप, आणि एप्रिलची रात्र

मोजणीची वही घेऊन आम्ही वीज कार्यालयात गेलो. तिथल्या अभियंत्याने ती पानापानाने पाहिली आणि दुसऱ्याच आठवड्यात डीपी वीस मिनिटं बंद करून टॅप, म्हणजे डीपीतून बाहेर पडणारा दाब ठरवणारी कळ, एक पायरी खाली घेतला. एक पायरी अडीच टक्क्यांची, म्हणजे साधारण सहा व्होल्ट. टोकाचे २५९ आता २५३वर. लाल दिवा दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी. मार्च बरा गेला.

एप्रिलमध्ये उकाडा वाढला आणि रात्री नऊ वाजता शिवणकाम करणाऱ्या ताईंचा निरोप आला, पंखा घरघर करतो आहे. मोजलं तर २०५ व्होल्ट. मान्य तळाच्या अकरा व्होल्ट खाली. दुपारी जिथे २५३, रात्री तिथेच २०५. एका खांबावर, एका दिवसात, ४८ व्होल्टचा झोका. टॅप खाली घेतल्याने दुपारचा माथा कमी झाला, पण रात्रीचा तळही तेवढाच खोल गेला. डीपीचा टॅप बंद करूनच फिरवता येतो; तो सकाळ-संध्याकाळ फिरवायची वस्तू नाही. ज्याने दुपारचं दुखणं बरं केलं त्यानेच रात्रीचं वाढवलं, आणि दोन्ही वेळा झळ पोचली ती एकाच घराला.

यावरून मी एक गोष्ट शिकलो : दाबाची पातळी खाली-वर करून हा प्रश्न सुटत नाही, झोक्याची लांबी कमी करावी लागते. आणि झोका लांबवत होतं फेजचं असंतुलन. दुपारी निर्मितीचं, रात्री भाराचं, दोन्ही लाल फेजवरच.

हेच मोठ्या ग्रिडवर

आम्ही फेज वाटायचं नियोजन करत होतो त्याच सुमारास, २८ एप्रिल २०२५ला, स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन देश दुपारी अंधारात गेले. स्पेनच्या घड्याळात १२ वाजून ३३ मिनिटं. काही सेकंदांत सुमारे १५ हजार मेगावॅट निर्मिती तुटली. नंतरच्या तपासात निष्कर्ष आला तो साखळीने वाढत गेलेल्या दाबाचा : दाब चढला, काही केंद्रं सुटली (ग्रिडपासून अलग झाली), त्यामुळे दाब आणखी चढला, आणखी सुटली. सौरामुळे झालं एवढंच म्हणून थांबणं चुकीचं आहे. दाब आवरण्याची जबाबदारी ज्या पारंपरिक केंद्रांवर होती तीही पुरेशी पार पडली नव्हती, असं स्पेनच्या सरकारी अहवालात आहे. पण ती बातमी वाचताना मला आमचा शेवटचा खांब दिसत होता. तिथे ४०० केव्ही, इथे ४०० मीटर.

एक महत्त्वाचा फरक आहे. आमच्या लाइनवर इन्व्हर्टर सुटला की दाब खाली येतो, मिनिटभरात सगळं पूर्ववत झालं की तो परत जोडला जातो, आणि पुन्हा चढतो. त्यामुळे लपंडाव चालतो, पण कोसळत नाही. धोका दुसरीकडे आहे. प्रत्येक इन्व्हर्टरमध्ये तोच नियम, तीच मर्यादा, तोच साठ सेकंदांचा थांबा. हजारो छतांवरचे छोटे प्लांट वेगवेगळ्या मालकांचे असले तरी वागताना एका मोठ्या केंद्रासारखे एकदम वागू शकतात. जर्मनीने हे वारंवारतेच्या, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा हेलकावते (आपल्याकडे आणि तिथेही ५० हर्ट्झ) त्या बाबतीत अनुभवलं. तिथल्या जुन्या इन्व्हर्टरना ५०.२ हर्ट्झला एकदम सुटायचं बंधन होतं. सौर वाढल्यावर लक्षात आलं की वारंवारता तिथे पोचली तर एका क्षणात हजारो मेगावॅट जातील. २०१२पासून लाखो प्लांटच्या सेटिंग्ज बदलाव्या लागल्या. आपल्याकडे २०१३च्या विनियमांत वरची मर्यादा ५०.५ हर्ट्झ आहे.

वारंवारतेबद्दल नागपूरकरांना एक आठवण जवळची असेल. ५ एप्रिल २०२०ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करायचं आवाहन होतं. त्या वेळचे राज्याचे ऊर्जामंत्री नितीन राऊत आपल्याच शहरातले. त्यांनी सगळे दिवे एकदम बंद करू नका, ग्रिडला धोका होईल, असं जाहीर सांगितलं होतं. त्या रात्री देशभरातला भार सुमारे ३१ हजार मेगावॅटने उतरला, अंदाजापेक्षा दुपटीहून जास्त. वारंवारता ४९.७०पासून ५०.२६ हर्ट्झपर्यंत हलली, पण ग्रिड सांभाळला गेला, कारण ती वेळ आधीपासून माहीत होती आणि देशभरचे जलविद्युत संच तयार ठेवले होते. सौर वीज घटवणाऱ्या ढग आणि सूर्यास्त यांतला सूर्यास्त तरी पंचांगात असतो. ढगाची वेळ कुणी सांगत नाही.

दिवसभर सौर जोरात असतं तेव्हा नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक केंद्रातल्या ६६० मेगावॅटच्या संचांना भार उतरवावा लागतो. कोळशाचा संच वाटेल तेवढा खाली जात नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या विनियमांनी ५५ टक्क्यांपर्यंत खाली चालता आलं पाहिजे असं बंधन घातलं आहे आणि पुढे ४० टक्क्यांपर्यंत न्यायचं आहे. खाली आलेले तेच संच संध्याकाळी पाच ते आठमध्ये पूर्ण चढवायचे, कारण सूर्य गेला तरी नागपूरचा कूलर जात नाही. हा रोजचा चढ-उतार बॉयलरच्या धातूला थकवतो. कोयनेचं पाणी संध्याकाळी मदतीला येतं, पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घालून दिली आहे.

आणखी एक गोष्ट कोराडीत आहे जी आमच्या छतांवर नाही. मिनिटाला ३००० फेरे घेणारा टनावारी वजनाचा रोटर. ग्रिडवर अचानक काही तुटलं तर तो आपल्या फिरण्यातली ऊर्जा देऊन पहिले काही सेकंद वारंवारता सावरून धरतो. साध्या इन्व्हर्टरमध्ये फिरणारं काही नसतं. दुपारी असे रोटर कमी होत जातात तसा ग्रिड हलका होतो, आणि हलकी वस्तू धक्क्याने लवकर डगमगते. बॅटरीसह बसवलेले, दाब आणि वारंवारता स्वतः घडवणारे इन्व्हर्टर हे काम करू शकतात. त्यांची गरज दिल्ली-मुंबईच्या फायलींत आहे तशी लेआउटच्या डीपीलाही आहे.

शेवटी काय केलं

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस धरायच्या आत, तीन सकाळी लाइन बंद ठेवून सर्व्हिस वायरी वाटल्या. लालवरचे तीन प्लांट निळीवर गेले, सोबत काही बिनसौर घरंही अशी हलवली की रात्रीचा भारही सारखा राहील. प्लांट आता ५, ४, ५. घरोघरी जाऊन समजावण्यात वायर बदलण्यापेक्षा जास्त दिवस गेले. "चांगली फेज" सोडायला कुणी सहज तयार होत नव्हतं. एका काकांनी स्पष्ट विचारलं, "माझं नीट चालू आहे, मी काहून हलू?" त्यांना डीपीचा आलेख दाखवला नाही, शेवटच्या घरातल्या फ्रिजचं जळलेलं कार्ड दाखवलं. ते हलले.

टॅप पूर्वीच्या जागी परत नेला. रात्रीचं व्होल्टेज २१८च्या खाली गेलेलं नाही.

इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्येही थोडं काम केलं. ज्यांत सोय होती त्यांत दाब २४८च्या वर जाऊ लागला की निर्मिती हळूहळू कमी करायची व्यवस्था सुरू केली. एकदम शंभराचं शून्य होण्यापेक्षा शंभराचं ऐंशी होणं सगळ्यांच्या फायद्याचं. काही इन्व्हर्टर प्रतिघाती वीज (रिॲक्टिव्ह पॉवर, जी प्रत्यक्ष काम करत नाही पण दाबावर परिणाम करते) शोषून दाब कमी करू शकतात. तेही करून पाहिलं. लघुदाबाच्या बारीक तारेत रोधाचा वाटा मोठा असल्याने उपयोग थोडाच झाला.

जे सगळ्यांत सोपं वाटलं होतं ते सगळ्यांत अवघड निघालं : दुपारी वीज वापरा, हे लोकांच्या गळी उतरवणं. नेट मीटरिंगमध्ये दुपारी दिलेलं युनिट रात्री जसंच्या तसं परत मिळतं. मग कपडे धुण्याचं मशीन दुपारी लावायचं कारण काय? बिलात ते कारण दिसत नाही, तारेत दिसतं. केंद्राच्या नियमांनी सौर तासांतल्या विजेचा दर कमी ठेवायला सांगितलं आहे. स्मार्ट मीटरवर तो लागू होत जाईल तसा फरक पडेल अशी माझी आशा आहे. आम्ही आमच्यापुरतं लेआउटच्या बोअरचा पंप सकाळी सहावरून दुपारी साडेबाराला आणला. तीन अश्वशक्तीची थ्री फेज मोटर, रोज दीड तास.

२०२६च्या फेब्रुवारीत पुन्हा वही काढली. दरम्यान सहा नवे प्लांट लागले होते, आता एकूण वीस. पण या वेळी प्रत्येक नवी जोडणी कोणत्या फेजवर द्यायची ते दादा आधी विचारून ठरवत होते. रविवारी दुपारी सव्वाला, पंप बंद असताना, शेवटच्या खांबावर २५१ व्होल्ट. लाल दिवा कुठेच नाही. मात्र मर्यादेपासून आम्ही दोनच व्होल्ट लांब आहोत आणि आणखी तीन घरांचे अर्ज गेले आहेत. संतुलनातून जे मिळायचं होतं ते मिळालं. यापुढे लाइन जाड करावी लागेल किंवा नाल्याकडे दुसरी छोटी डीपी बसवून ४००चे दोनशे-दोनशे मीटर करावे लागतील. तसा अर्ज मोजणीच्या पानांसह दिला आहे, आणि जागा बघून गेले आहेत.

त्याच दुपारी शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या घरी मीटर लावून बसलो होतो. पूर्वी त्या इस्त्रीचं काम रात्री करायच्या. रात्री पंखा मंद व्हायचा, इस्त्री तापायला वेळ घ्यायची, म्हणून आता जेवण झालं की दुपारीच करतात. त्यांनी हजार वॅटची इस्त्री लावली आणि मीटर २५१वरून २४९वर आला. मी शेजारच्या शिक्षिका ताईंना हाक मारून तो आकडा दाखवला.